वाळ्याचा ओला पडदा

भोर,
शनिवार, ५ एप्रिल १९४१

प्रिय रतन,

सलाम. दोन महिने पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील. बस. पण आज रुसवा बाजूला ठेवून हे पत्र नीट वाच, कारण मला भीती वाटते आहे, आणि भीती वाटली की मला अजून तूच आठवतेस. शाळेतल्या त्या लांब झोपायच्या खोलीतून सिस्टर फिलोमिना कंदील घेऊन गेली की मी पांघरुणाबाहेर हात काढायची, आणि शेजारच्या खाटेवरून तू तो धरायचीस. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली.

लेक साबिरा बाळंतपणाला आली आहे. आठवा लागलाय. गेल्या उन्हाळ्यात सासरी काय झालं ते तुला ठाऊक आहे. उकाड्याने पोर घेरी येऊन पडली आणि आठव्या महिन्यातच बाळ गेलं. तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, पुढच्या खेपेला हिला गारव्यात ठेवा. जावई मुबारक लष्करात गाडी चालवतो, आफ्रिकेत आहे. त्याने तिथून पैसे पाठवले आणि टेबलावरचा पंखा घ्यायला लावला. साबिरा त्या पंख्यालाच नवरा म्हणते आणि एकटीच हसते.

वीज आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आली, हे होते तेव्हा. ते गेल्यापासून घर धाकटे दीर मौलालीभाई बघतात. फेब्रुवारीचं बिल तीन रुपये होतं. मार्चचं सात रुपये आलं. मौलालीभाईंनी ते अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. म्हणाले, "भाबी, ह्या पंख्याची भूक आपल्या समद्यांपेक्षा मोठी हाय. पुढलं बिल असंच आलं तर म्या फ्यूज काढून खिशात टाकीन. मग बसा वारा घालत."

माणूस वाईट नाही, पण बोलला की करतो. पंखा बंद पडला आणि गेल्या वर्षासारखं झालं, तर मी काय करू? तुझ्या घरी वीज आमच्याआधी आली. तू कसं निभावतेस, ते सगळं लिही.

तुझी,
झुबेदा


पुणे,
बुधवार, ९ एप्रिल १९४१

माझ्या झुबी,

रुसले होते, आता नाही. हात दे.

आता मी सांगते तसं कर. आधी दिवे बदल. साठाचे असतील तिथे पंचवीसचे लाव. स्वयंपाकघरात दोन बायका आणि एक मांजर, त्यांना लग्नघराएवढा उजेड कशाला? पंखा खोली गार करत नाही, अंग गार करतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो कधी फिरू द्यायचा नाही. पात्यांवरची धूळ पुस आणि मागे दोन थेंब तेल सोड. इस्त्री कोळशाचीच राहू दे. खिडक्या पहाटे सताड उघड्या ठेव आणि नऊ वाजले की बंद कर. पत्र्यावर चुन्याचा जाड हात फिरवून घे.

आणि मुख्य म्हणजे साबिराच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लाव. आमच्याकडे मिळतो तो चांगला दाट असतो, मोटारवाल्याबरोबर उद्याच पाठवते. खिडकीच्या वर दांडी ठोकून टांग आणि सकाळ-दुपार पाणी मारून ओला ठेव. वारा आपोआप गार होईल आणि पंखा निम्मा वेळ बंद ठेवता येईल. वाळ्याचा वास पोरीला आवडेल. सिस्टरच्या कपाटातल्या मुळांचा वास तसाच होता, आठवतं?

मौलालीभाईंना माझा नमस्कार सांग. फ्यूज खिशात ठेवला तर खिसा फाटेल म्हणावं.

तुझी,
रतन


भोर,
रविवार, २० एप्रिल १९४१

प्रिय रतन,

पडदा पोचला. खिशाचा तुझा निरोप ऐकून मौलालीभाई मिशीत हसले, हेही लिहून टाकते.

तू लिहिलंस ते सगळं केलं. दिवे बदलले, तेल सोडलं, चुना दिला. खिडकीच्या वर लांब खिळे ठोकून दांडी बसवली. माझा हात पोचत नाही, म्हणून लाकडी स्टुलावर चढून मी स्वतः लोट्याने वरपासून पाणी मारते. खोलीत वाळ्याचा वास भरतो. साबिरा म्हणते, "अम्मा, डोळे मिटले की नदीकाठी बसल्यासारखं वाटतं." पंखा दुपारचे दोन तास, बस्स.

तरी मीटर थांबत नाही, रतन.

तुला माहीत आहे, मी आकड्यांना भीत नाही. मी रोज मीटरचे आकडे पाहते. मार्चमध्ये सबंध महिन्यात जेवढी युनिटं झाली, जवळजवळ तेवढी या पंधरवड्यातच झाली. आणि आता जे लिहिते ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. परवा दुपारी सगळे झोपले होते. पंखा बंद, एक दिवा चालू नाही. मी मीटरसमोर उभी राहिले. आतली ती चकती, तांबडी खूण असलेली, फिरत होती. सावकाश, पण फिरत होती. मी प्रत्येक बटण दोनदा पाहून आले. परत येऊन बघते तर ती फिरतेच आहे.

हे साबिराच्या खोलीतच गेले. शेवटच्या महिन्यात त्यांना दिवा विझवलेला चालायचा नाही. मी शिकलेली बाई आहे, असलं काही मानत नाही. पण त्या चकतीकडे बघताना मी दुआ पुटपुटायला लागले. वाटलं, आमच्याशिवाय कुणीतरी घरात दिवा लावून बसलं आहे आणि आम्हांला दिसत नाही.

साबिराची तब्येत बरी आहे. फक्त फरशीवर अनवाणी उभं राहून खिडकीच्या गजाला हात लावला की हाताला मुंग्या येतात म्हणते. आमची सुईण साळूबाई म्हणते, रक्त पातळ झालंय, खजूर द्या.

मला हसू नकोस.

झुबेदा


पुणे,
बुधवार, २३ एप्रिल १९४१

माझ्या झुबी,

हसले नाही. थोडंसं हसले, पण तुझ्यावर नाही, त्या चकतीवर.

भूतबीत काही नाही. एक तर मीटरच बिघडलं असेल, नाहीतर कुणीतरी तुमच्या तारेवरून चोरून वीज घेत असेल. आमच्या शेजारी गेनबा म्हणून म्हातारे आहेत, तीस वर्षं एका गिरणीत विजेची कामं करत होते. त्यांनाच विचारलं असतं, पण ते लेकीकडे कामथडीला गेलेत. पुढच्या बुधवारी परत येतील. तोवर तू एक कर. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मीटरचे आकडे लिहून ठेव. कोणत्या वेळी जास्त पळतं ते कळलं की चोर सापडेल.

साबिराला खजूर दे, आणि कोल्हापुरी गूळ दे. माझ्या थोरलीलाही आठव्यात हाताला मुंग्या यायच्या, बाळंत झाली आणि गेल्या. उन्हाळा वाढतोय, पडदा दोनदा पुरणार नाही. चारदा भिजव, आणि भिंतीवरही पाणी मार. भिंत ओली राहिली की खोली संध्याकाळपर्यंत गार राहते.

घाबरू नकोस. मी आहे.

रतन


भोर,
मंगळवार, २९ एप्रिल १९४१

प्रिय रतन,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

तू सांगितल्याप्रमाणे आकडे लिहिले. सकाळी मीटर हळू फिरतं. सगळ्यांत जास्त पळतं ते दुपारी, मी पडद्याला आणि भिंतीला पाणी मारल्यानंतरच्या दोन-तीन तासांत. तेव्हा पंखा बंद असला तरी पळतं. संध्याकाळी पुन्हा मंद होतं. चोर असा दुपारचा येतो का?

पण आता बिलाचं काही वाटत नाही. काल शेळी मेली.

साबिराच्या दुधासाठी एक शेळी घेतली होती. परसात, खिडकीच्या बाहेर सावलीत असायची. काल दुपारी मौलालीभाईंनी तिला गजाला साखळीने बांधलं. मी आतून स्टुलावर चढून पाणी मारत होते. पाणी गजांवरून खाली ओघळलं. शेळी एकदाच ओरडली. मी बाहेर गेले तेव्हा पाय ताठ करून पडली होती. साप नाही, फेस नाही, काही नाही. साबिराला मी सांगितलं, शेळी कसायाला विकली. पण तिने शेळीचं ओरडणं ऐकलं होतं.

साळूबाई आली. शेळीकडे बघून तिने तोंडावर पदर घेतला. म्हणाली, "बाई, ही नजर पोरीवर व्हती. मुक्या जिवानं अंगावर घेतली. आता दुसरी येईल ती कशावर जाईल?" मी म्हटलं, असलं काही नसतं. ती म्हणाली, "नसंल तर लई चांगलं. पर लोखंडात निजवा तिला. लोखंडाजवळ नजर येत न्हाई."

मी आयुष्यभर असल्या गोष्टींना नाही म्हणत आले. आज नाही म्हणवत नाही. यांचा लोखंडी पलंग माळ्यावर आहे. गुरुवारी तो साबिराच्या खोलीत खिडकीशी लावणार आहोत, उशाची बाजू गजांना टेकवून, कारण सगळ्यांत गार तीच जागा. साळूबाईच्या म्हणण्याप्रमाणे शेळीचीच साखळी पलंगाला आणि गजाला बांधायची. मौलालीभाई कधी नव्हे ते तयार झाले. तेही घाबरलेत. मुबारकचं पत्रही पाच आठवडे नाही.

माझ्यासाठी दुआ कर. तुझ्या देवाकडे, माझ्या देवाकडे, सिस्टरच्या देवाकडे, जो ऐकेल त्याच्याकडे.

झुबेदा


कापूरहोळ फाटा,
गुरुवार, १ मे, दुपारी साडेतीन

झुबी,

तार मिळाली असेलच. मिळाली नसेल तर हे वाचता वाचताच उठ.

साबिराला त्या पलंगावरून उठव. कोणीही खिडकी, गज, पलंग, साखळी, ओली भिंत यांना हात लावायचा नाही. फ्यूज काढा. पडद्याला एक थेंबही पाणी नको. नजर नाही, भूत नाही. भिंतीत वीज उतरली आहे. शेळी विजेने मेली. साबिराच्या हाताला येत होत्या त्या मुंग्या विजेच्या होत्या. तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी गेनबांना वाचून दाखवलं. शेळीपर्यंत आले तेव्हा ते उभे राहिले आणि पायताण शोधायला लागले.

मी आणि गेनबा निघालो आहोत. मोटार इथे बंद पडली. दुसरी गाडी कधी मिळेल कळत नाही. इथल्या दुरुस्तीच्या दुकानातला चिमाजी सायकलवर ही चिठ्ठी घेऊन निघतोय. त्याला पाणी दे.

रतन


पुणे,
मंगळवार, २७ मे १९४१

माझ्या झुबी,

भोरहून परत येऊन तीन आठवडे झाले. रोज कागद घेते आणि ठेवून देते.

तिथे मी शहाण्यासारखी वागले. गेनबा काम करत होते, मी चहा करत होते. त्यांनी खिडकीवरची लाकडी पट्टी उचकटली तेव्हा मीही बघितलं. तुम्ही दांडीसाठी ठोकलेला एक खिळा पट्टीतून जाऊन तारेला लागला होता. तारेवरचं रबर आधीच उन्हाळ्यांनी कडक होऊन तडकलेलं, म्हणून पडद्याच्या आधीही थोडी वीज भिंतीत झिरपत होती. मग खिळा, दांडी, गज, आणि वरून रोज चार वेळा पाणी. गेनबा म्हणाले, "भिंत वीज पीत व्हती, बाई. जेवढी वली, तेवढी तहान." आणि तू कशी वाचलीस, तेही त्यांनीच सांगितलं. लाकडी स्टुलावर उभी होतीस म्हणून.

पडदा मी पाठवला होता, झुबी. दांडी खिडकीच्या वर ठोक असं मी लिहिलं होतं. चारदा भिजव, भिंतीवरही पाणी मार, असंही मीच लिहिलं. साबिराने मुंग्या सांगितल्या तर मी गूळ खायला लावला. मी आहे, घाबरू नकोस म्हणाले, आणि तुला त्या भिंतीशी नेऊन उभं केलं ते मीच. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. माझी तुझ्याकडे असतील तर जाळून टाक.

साबिरा कशी आहे? दिवस भरत आले असतील. दोन ओळी तरी लिही. नाही लिहिल्यास तरी मी समजेन.

रतन


भोर,
रविवार, ८ जून १९४१

प्रिय रतन,

मुलगी झाली. बुधवारी, भर दुपारी. बाळ-बाळंतीण दोघी ठीक आहेत. साळूबाई म्हणते, आवाज शेजारच्या गल्लीत गेला. मुबारकची तीन पत्रं एकदम आली. तो ठीक आहे.

तुझी पत्रं मी जाळणार नाही. त्याऐवजी तुला एक गोष्ट सांगते, जी तू इथे पाच दिवस होतीस तेव्हा सांगता आली नाही. मौलालीभाईंसमोर सांगायची नव्हती, आणि खरं तर माझंच तोंड उघडत नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी एप्रिलचं बिल आलं. अकरा रुपये. मौलालीभाईंनी ते घडी करून ठेवलं. स्टूल ओढलं, वर चढले, फ्यूज काढला आणि खिशात टाकला. मी त्यांना नको नको ते बोलले. दगड आहात म्हणाले, भाऊ असते तर तुमची हिंमत झाली नसती म्हणाले. ते ऐकून घेऊन बाहेर जाऊन बसले.

दुपारी एकच्या सुमाराला तुझी तार आली. ती दारातच त्यांनी घेतली. इंग्रजी त्यांना येत नाही आणि घरात ते वाचणारी मी एकटी. पण लष्करातला जावई, पाच आठवडे पत्र नाही, आणि हातात तार. त्यांनी ठरवलं की मुबारक गेला. मला दिली तर मी वाचेन, साबिराला माझ्या चेहऱ्यावरून कळेल, आणि मग बाळही जाईल. म्हणून त्यांनी ती न फोडता खिशात ठेवली. फ्यूजच्याच खिशात.

आम्ही पलंग लावला. साखळी बांधली. मी पडद्याला पाणी मारलं, भिंतीला मारलं. साबिरा त्यावर निजली. मौलालीभाई आत आले, भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि विंझण्याने तिला वारा घालायला लागले. दोन तास. मी चाळीस वर्षांत या माणसाला कुणाला वारा घालताना पाहिलेलं नाही. मला वाटलं, सकाळच्या माझ्या बोलण्याने त्यांना लाज वाटली. साबिरा म्हणाली, "चाचा, हात दुखेल." ते म्हणाले, "दुखू दे गं पोरी. तू नीज."

पाच वाजायला आले तरी उकाडा हलेना. साबिराच्या ओठांवर घाम आला, चेहरा पांढरा पडला. मला गेल्या वर्षीचं सगळं दिसायला लागलं. मी मौलालीभाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि हात जोडले. म्हटलं, बिल माझ्या बांगड्या विकून भरते, पण फ्यूज परत लावा. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी साबिराकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, "लावतो, भाबी. पोरीला वारा तरी मिळू दे. बाकी तिचं काय ऱ्हायलंय."

मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. मला तेव्हा फक्त आनंद झाला.

ते मीटरखाली गेले. स्टुलाचा एक पाय हलतो, तुला माहीत आहे. त्यांनी खिशातून फ्यूज काढला. तो काढताना तारेचा लिफाफा खाली पडला. त्यांनी घाईने त्यावर पाय ठेवला. मी तो पाहिला, पण विचारलं नाही. मला पंखा हवा होता. ते वर चढले, हात उंचावला, आणि दारात चिमाजी सायकल टाकून, धापा टाकत, "झुबेदाबाई कोन हितं?" म्हणून ओरडला.

चिठ्ठी त्याने माझ्याकडे केली. मी म्हटलं, थांब, आधी हे होऊ दे. तो म्हणाला, "बाई, वाचल्याबिगर हलायचं न्हाई असं सांगितलंय मला." म्हणून मी एका हाताने चिठ्ठी घेतली. तुझं अक्षर पाहिलं. 'फ्यूज काढा' इथपर्यंत वाचलं आणि चिठ्ठी टाकून दिली. मी मौलालीभाईंचा धोतराचा सोगा धरला आणि ओढला. ते माझ्या अंगावर पडले. फ्यूज फरशीवर पडून फुटला. आत साबिरा गजांशी डोकं करून निजली होती, हात साखळीवर.

तू म्हणतेस, पडदा तू पाठवलास. हो, पाठवलास. पण मौलालीभाईंच्या कंजूषपणाने माझ्या लेकीला सकाळपासून वाचवलं होतं, आणि माझी माया तिला मारायला निघाली होती. फ्यूज परत लावा, हे शब्द माझे होते. त्यांना तिथे चढवलं मी.

आता गेनबांनी सगळं नवीन केलंय. मे महिन्याचं बिल पावणेतीन रुपये आलं, पंखा दुपारभर लावूनसुद्धा. वाळ्याचा पडदा मी फेकला नाही. तो ओसरीत आहे, जिथे भिंतीत तार नाही. मौलालीभाई पंखा चालू असला तरी बाळाजवळ विंझणा घेऊन बसतात आणि कुणी आलं की तो पाठीमागे लपवतात.

पण रोज दिवेलागणीच्या आधी मी सगळी बटणं बंद करते आणि मीटरसमोर जाऊन उभी राहते. चकती थांबलेली असते. तरी मी थोडा वेळ थांबते. परवा मौलालीभाईंनी विचारलं, "भाबी, काय बघताय एवढं?" मी म्हटलं, काही नाही.

त्यांना अजून माहीत नाही, रतन. ते वर चढले तेव्हा स्टूल हलू नये म्हणून मी ते दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा माझ्याच खोलीत नीज. खाट शेजारी लावते.

तुझी,
झुबी